कोकमाच्या बाटलीत बिअर

मी एक जुनी तपकिरी बाटली आहे. हसू नका, मित्रांनो. बाटली मेली ती, तिला कसलं आलंय आयुष्य, असं वाटत असेल तर या गॅरेजच्या खिडकीत माझ्याशेजारी येऊन उभे राहा. त्या रविवारी मी जे पाहिलं ते इथूनच पाहिलं. तीन वर्षं झाली, पण अजून कुणी गाडीचं दार जोरात आपटलं की मी कट्ट्यावर थरथरते. शप्पथ.

आधी माझी ओळख सांगते. माझा जन्म ऑकलंडकडच्या एका काचेच्या कारखान्यात झाला. साल विचारू नका, ते माझ्या बुडाशी आहे आणि स्वतःचं बूड कुणाला दिसतं? लालभडक काच साच्यात पडली, आत हवा फुंकली गेली आणि मी झाले. मग आम्हा सगळ्यांना एका लांबलचक भट्टीतून अगदी सावकाश गार करत नेलं. घाईघाईने गार केलेली काच आतून चिडकी राहते आणि पुढे कधीही तडकते. आमच्या बाबतीत कुणी घाई केली नाही.

माझं अंग गोल आहे, बूड जाड आहे आणि तोंडाला पत्र्याचं दातेरी बूच घट्ट बसेल अशी कड आहे. हा काही नखरा नव्हे. मी बिअरसाठी बनवलेली बाटली. बिअरमध्ये वायू असतो आणि तो बाटलीला आतून सारखा ढकलत असतो. गोल अंगावर तो जोर सगळीकडे सारखा वाटला जातो, म्हणून आम्हाला सोसतो. बिअर हे मोठ्या माणसांचं पेय. ते चांगलं की वाईट, याचा न्याय करायला मी बसलेली नाही. मी आपली भांडं. पण कोणतं भांडं कशासाठी, हे माणसाला कळलं पाहिजे, एवढाच माझा हट्ट आहे.

आम्ही बाराजणी एका क्रेटमध्ये राहायचो. दुकानातून कुणाच्या तरी घरी जायचो, रिकाम्या होऊन परत यायचो, उकळत्या पाण्याने अंघोळ करायचो आणि पुन्हा भरल्या जायचो. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. एकमेकींना घासून घासून माझ्या खांद्यावर पांढरे चरे पडले. त्यांना मी माझ्या बांगड्या म्हणते.

पुढे मी हॅमिल्टनच्या ग्रॅहमकडे आले. हा म्हातारा आयुष्यभर दुधाचा टँकर चालवून निवृत्त झालेला, आणि घरच्या घरी बिअर बनवण्यात एकदम पक्का. एकेक बाटली उजेडासमोर धरायचा, तोंडाच्या कडेवरून बोट फिरवायचा. कड जरा उडालेली असली की बाटली थेट काचेच्या कचऱ्यात. तिथे दयामाया नाही. आम्ही सगळ्या त्याच्या बोटाला घाबरायचो, पण मनातून आम्हाला तो आवडायचा.

२०१३ साली ग्रॅहमच्या शेजारी मैत्रेय राहायला आला. पुण्यात शिकलेला इंजिनिअर, दूध कारखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला. त्याची बायको विशाखा कॉम्प्युटरवाली, आणि मुलगी रिया तेव्हा चार वर्षांची. कुंपणावरून गप्पा सुरू झाल्या आणि एक दिवस ग्रॅहमने त्याला बिअर करायला शिकवलं. आम्हा चोवीसजणींचे दोन क्रेटही त्यालाच देऊन टाकले.

त्या दिवशी ग्रॅहम जे बोलला ते माझ्या काचेवर कोरल्यासारखं आहे. "ऐक मेट," तो म्हणाला, "बाटली जाड, गोल आणि बुचाची. ती नसेल तर सोड्याची प्लास्टिकची चालेल. ती गॅससाठीच बनवलेली असते आणि फुटली तरी काच उडत नाही. बाकी काही नाही. जॅमची बरणी नाही. सॉसची नाही. सरबताची नाही. कितीही सुंदर दिसू दे, नाही म्हणजे नाही." मग त्याने एक युक्ती सांगितली. प्रत्येक वेळी एक बाटली प्लास्टिकची भरायची आणि रोज हाताने दाबून बघायची. मऊ लागली तर गॅस अजून भरतोय. कडक झाली की सगळ्या बाटल्या गार जागी न्यायच्या. फुगायला लागली तर मात्र सावध. मैत्रेयने हे सगळं फोनमध्ये लिहून घेतलं. शिकलेला, शहाणा माणूस! म्हणून तर मला तो धक्का अजून पचत नाही.

पहिली दोन-अडीच वर्षं सोन्याची गेली. बिअर आंबायची पुरती थांबली का, हे बघायला तो तिच्यात काचेचा तरंगता काटा सोडायचा. दोन-तीन दिवस काटा त्याच जागी राहिला की मगच भरायचा. प्रत्येक बाटलीत चमचाभर साखर, तीही सपाट चमचा. त्या साखरेनेच बाटलीत गॅस तयार होतो, म्हणून चिमूटभरही जास्त नाही. ग्रॅहम चव घेऊन म्हणायचा, "स्वीट ॲज!" म्हणजे इथल्या बोलीत झकास, आणि मैत्रेय लाजायचा. आम्हीही मिरवायचो हो!

मग माझी कड उडाली. धुताना नळाला आपटले आणि तांदळाएवढा टवका निघाला. मैत्रेयने बोट फिरवलं, थांबला, आणि मला बाजूला ठेवलं. झालं, संपलं, आता कचरा, असं मला वाटलं. पण रियाने मला उचललं आणि नदीकाठी सापडलेलं पुकेको पक्ष्याचं निळं पीस माझ्यात खोचलं. "प्रिटी," ती म्हणाली. तेव्हापासून मी गॅरेजच्या खिडकीत आहे. मैत्रिणींना भरताना बघून पोटात तुटायचं, खोटं कशाला बोलू? पण नियम तो नियम.

आता मैत्रेयच्या आईवडिलांबद्दल सांगते, कारण सगळं त्यांच्याभोवतीच घडलं. वडील भानुदास चिपळूणजवळच्या शाळेत विज्ञानाचे शिक्षक होते. तरुणपणी वस्तीत घरोघर जाऊन त्यांनी कितीतरी माणसांची दारू सोडवलेली. रोज सकाळी बुद्धवंदना आणि पंचशील. त्यातलं पाचवं शील म्हणजे नशेपासून दूर राहीन. आई लीलाबाई. त्यांच्या दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू होता. शस्त्रक्रिया झाली ती मुद्दाम प्रवासाआधी करून घेतलेली. "फोनवर नात नुसती धुरकट दिसते," त्या म्हणायच्या, "आता डोळे भरून बघायचंय तिला." मैत्रेय फोन स्पीकरवर ठेवून इथेच काम करायचा, म्हणून मला हे सगळं ठाऊक.

मैत्रेयने बिअरबद्दल घरी कधी अवाक्षर काढलं नव्हतं. दोघं २०१६च्या एप्रिलमध्ये येणार हे ठरल्यावर विशाखा म्हणाली, "सरळ सांगून टाक ना बाबांना. लहान आहेस का तू?"

"बाबा ओरडले असते तर सांगितलं असतं गं," मैत्रेय म्हणाला. "ते गप्प होतात. ते मला नाही झेपत."

मग एका संध्याकाळी दोन्ही क्रेट कुंपणापलीकडे ग्रॅहमच्या शेडमध्ये गेले. कड उडालेली, पीस खोचलेली मी तेवढी मागे राहिले. मला कोण बिअरची बाटली म्हणणार?

पण दहा लिटरच्या डब्यात बिअर अजून आंबतच होती. चांगली लालसर बिअर, नुकता पाचवा दिवस. आईवडील दोन दिवसांनी येणार. ओतून द्यायची होती, मित्रांनो! नाहीतर डबाच उचलून ग्रॅहमकडे न्यायचा होता. पण मैत्रेयची नजर विशाखाच्या फळीवर गेली.

आता तुम्ही म्हणाल ही फळी कसली? अहो, आपल्या घरांत रिकामी बाटली टाकवत नाही. विशाखाच्या माहेरीही टाकत नसत आणि इथे येऊनही तिला जमलं नाही. कोकम सरबताच्या बाटल्या ती धुऊन, पुसून, झाकण लावून ओळीने ठेवायची. कधी आगळ भरता येईल, कधी तेल. बारा बाटल्या होत्या. पातळ काचेच्या, चौकोनी अंगाच्या, दिसायला देखण्या, आणि प्रत्येकीवर लाल फळांचं चित्र असलेलं लेबल जसंच्या तसं. मैत्रेय त्या लेबलांकडे बघत राहिला. मग त्याने लालसर बिअरकडे बघितलं. आणि गालातल्या गालात हसला.

नको रे बाबा, नको! मी मनातल्या मनात किंचाळले. त्या बिचाऱ्या सरबताच्या. सरबत कधी कुणाला आतून ढकलतं का? त्यांच्या सपाट अंगाला जोर सोसायची सवयच नाही. पण बाटलीचं ऐकतो कोण!

त्याने काटा सोडून बघितला नाही. "झालीच असेल," असं पुटपुटला. साखर घालताना चमचा सपाट केला नाही, आणि मध्येच फोन आला तेव्हा कुठपर्यंत घातली होती ते विसरून दोन-तीन बाटल्यांत पुन्हा घातली. मी डोळ्यांनी पाहिलं हे. पत्र्याची फिरकीची झाकणं करकचून आवळली. उरलेली बिअर सोड्याच्या एका प्लास्टिकच्या बाटलीत भरली. आणि सगळं नेऊन ठेवलं कुठे? गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या मांडणीवर, तांदळाच्या पोत्यामागे. गॅरेजमधली सगळ्यात उबदार जागा ती! विशाखाला सांगितलं, "ग्रॅहमकडे दिलं सगळं." बायकोशीही खोटं.

शनिवारी आईवडील आले. लीलाबाईंनी गाडीतून उतरल्या उतरल्या रियाचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि किती तरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. "हनुवटीवर तीळ आहे हिला," त्या म्हणाल्या. "कुणी सांगितलं नाही मला." रिया सगळं मराठी समजायची, पण उत्तर इंग्रजीत द्यायची. आजीला इंग्रजी येत नव्हतं. तरी दोघींचं दिवसभर चालायचं.

इकडे मांडणीवर प्लास्टिकची बाटली कडक होत गेली. चौथ्या दिवशी ती ताठ झाली. दहाव्या दिवशी तिचं बूड फुगलं आणि ती उभी राहीना, डुगडुगायला लागली. यापेक्षा मोठ्याने ती बिचारी काय ओरडणार? मैत्रेय रोज तिच्यासमोरून जायचा. आईवडिलांना रॅग्लनचा समुद्र दाखवायचा होता, फुलांच्या बागा दाखवायच्या होत्या. एकदा तो थांबला, हात पुढे केला, आणि नेमके भानुदास मागून आले.

"विशाखाने कोकम बरंच साठवलंय की," ते कौतुकाने म्हणाले.

"हो बाबा," मैत्रेय म्हणाला आणि हात मागे घेतला.

आता तरी बोल रे, असं मी त्याला काचेतून विनवत होते.

आणि मग तो रविवार. बाबासाहेबांची एकशे पंचविसावी जयंती गुरुवारी झाली होती आणि सुट्टीच्या दिवशी सगळ्यांनी मैत्रेयच्या घरी जमायचं ठरलं होतं. हॅमिल्टनची मंडळी होती, टौरंगाहून दोन कुटुंबं निघालेली, सोबत लहान मुलं. चारला सगळे येणार. बैठकीत फोटोला हार घातलेला, स्वयंपाकघरातून खिरीचा वास. मैत्रेय खुर्च्या मांडत होता. लीलाबाईंनी ठरवलं की पाहुण्यांना आपल्या हातचं कोकम सरबत द्यायचं, जिरं आणि मीठ घालून. स्वयंपाकघरातली बाटली अर्ध्यातच संपली.

"आजी, देअर्स हीप्स इन द गॅरेज!" गॅरेजमध्ये ढीगभर आहेत, असं रिया म्हणाली आणि आजीचा हात धरून तिला घेऊन आली. धावत जाऊन स्टुलावर चढली, हात लांब केला. तिचं बोट बाटलीला लागलंच होतं.

"थांब गं बाळ, काच आहे ती. मी घेते," लीलाबाई म्हणाल्या आणि तिला खाली उतरवून मागे सारलं. रिया फुरंगटून माझ्या खिडकीपाशी आली. ते एक पाऊल, मित्रांनो! ते आठवलं की आजही माझ्या अंगावर बारीक दव येतं.

लीलाबाईंनी बाटली मानेशी धरून उचलली. "अगं बाई, गरम आहे की ही," असं काहीतरी म्हणाल्या.

आणि धाड! आवाज असा झाला की मला वाटलं छप्परच कोसळलं. फेस, काच, आणि पुन्हा काच. भिंतीवर, छतावर, सगळीकडे. एक तुकडा माझ्या खांद्यावर बसला, पीस उडालं. मी जाड म्हणून वाचले. बघते तर लीलाबाई टाकीला टेकून खाली बसलेल्या. उजव्या तळव्यातून रक्त वाहत होतं. डावा डोळा मिटलेला, आणि भुवईपासून गालापर्यंत सगळं लाल.

रिया एवढीशी. पण ती जे ओरडली ते स्वच्छ मराठीत ओरडली. "आई! आजीला लागलं! लवकर ये गं, आजीच्या डोळ्याला लागलं!"

विशाखा टॉवेल घेऊन धावत आली. तिच्यामागे मैत्रेय दारातच खिळला. त्याला बघताक्षणी सगळं कळलं होतं, चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात मांडणीवरची दुसरी फुटली. धाड! विशाखाने रियाला आणि सासूबाईंना ओढतच बाहेर काढलं. शेवटी भानुदास आले. त्यांनी एकदाच खोल श्वास घेतला. गॅरेजभर बिअरचा वास पसरलेला. तो वास ते ओळखत होते, वस्तीतल्या किती घरांत त्यांनी तो घेतला होता.

"किती भरल्यास?" त्यांनी विचारलं.

"बारा," मैत्रेय कसाबसा म्हणाला. "बाबा, मी गाडी काढतो..."

"विशाखा नेईल. मी जातो तिच्याबरोबर. तू इथेच थांब. अजून दहा आहेत, आणि लेकरं येतील आता. या दारातून एकालाही आत सोडू नकोस."

आवाज चढवला नाही. मला वाटलं होतं हा माणूस आता आकाशपाताळ एक करेल. पण ते वर्गात सूचना दिल्यासारखं बोलले आणि गेले.

स्फोट ऐकून ग्रॅहम आलाच होता. परत जाऊन वेल्डिंगचा मुखवटा, चामड्याचे हातमोजे आणि तीन जाड लोकरी ब्लँकेटं घेऊन आला. लांबूनच त्याने मांडणीवर ब्लँकेटं टाकली, टाकी बंद केली आणि दार लावून घेतलं. ब्लँकेटाखाली आणखी दोन फुटल्या. उरलेल्या रात्रभर गार होऊ दिल्या आणि सकाळी त्यानेच मुखवटा लावून एकेक झाकण केसाकेसाने सैल केलं.

"मेट," त्या दुपारी दाराबाहेर तो मैत्रेयला म्हणाला, "मी तुला काय सांगितलं होतं?"

"सरबताची नाही," मैत्रेय म्हणाला. "कितीही सुंदर दिसू दे, नाही म्हणजे नाही."

चार वाजता गाड्या आल्या. "जय भीम, जय भीम," म्हणत माणसं उतरली. मैत्रेय त्यांना म्हणू शकला असता की टाकी फुटली, यंत्र बिघडलं. त्याने तसं केलं नाही. "आईला लागलंय," तो म्हणाला. "माझी चूक आहे. मी सरबताच्या बाटल्यांत बिअर भरून ठेवली होती." एका बाईंनी रियाला उचलून घेतलं आणि सगळे तिथूनच दवाखान्याकडे निघाले.

अंधार पडल्यावर विशाखा आणि भानुदास परत आले. लीलाबाईंना ठेवून घेतलं होतं. भुवईला सहा टाके पडले होते, तळव्याला चार. डोळ्यावर पट्टी. काचेचा कण बुबुळाला घासून गेला होता, आणि डोळा राहील की नाही हे पट्टी काढल्याशिवाय कळणार नव्हतं.

"मलासुद्धा खोटं सांगितलंस!" विशाखा ओरडली. "मी धुतलेल्या बाटल्या होत्या त्या, मैत्रेय. माझी मुलगी स्टुलावर चढली होती!" आणि ती आत निघून गेली.

भानुदास मात्र थांबले. दाराजवळ लेबल चिकटलेला एक काचेचा तुकडा पडला होता, तो त्यांनी जपून उचलला. लाल फळं, वर 'कोकम सरबत'.

"प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी मी काय शिकवायचो?" त्यांनी विचारलं. मैत्रेय त्यांच्याच शाळेत शिकलेला.

"बाटलीवर लिहिलंय तेच आत असलं पाहिजे," मैत्रेय खाली बघत म्हणाला. "नसेल तर ती बाटली सगळ्यात धोक्याची."

"तू पितोस याचं मला वाईट वाटलं. वाटणारच. ते मी लपवत नाही." त्यांनी तो तुकडा मैत्रेयपुढे धरला. "पण तू मला इतका भ्यायलास, की तुझ्या आईच्या हातात हे... मी असा कसा बाप झालो रे?"

मैत्रेय हमसून हमसून रडला. एवढा मोठा माणूस असा रडताना मी कधी पाहिला नव्हता. त्या स्फोटाने जेवढी हादरले नव्हते, तेवढी त्या प्रश्नाने हादरले. मला वाटत होतं, चूक एकाच माणसाची आहे. आणि इथे ज्याची चूक नव्हती तोच स्वतःला विचारत होता.

तिसऱ्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये शिरली. लीलाबाई उतरल्या. डोळ्यावर पट्टी नव्हती. भुवई सुजलेली, डोळा लालबुंद, पण उघडा. रिया घाबरून दारामागे उभी होती, पुढे यायला तयार नाही. लीलाबाईंनी उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि नुसत्या डाव्या डोळ्याने तिच्याकडे बघितलं.

"अगं," त्या म्हणाल्या, "तुझा पुढचा दात कुठे गेला?"

सोमवारी पडला होता तो. या गडबडीत आम्हा कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. विशाखा मटकन पायरीवर बसली आणि हसत रडायला लागली. भानुदासांनी चष्मा काढून पुसला. मैत्रेय आईच्या पायांशी वाकला तर तिने त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला, डाव्या हाताने, कारण उजव्याला पट्टी होती. "सरबत करायला निघाले होते मी," ती म्हणाली, "वीस माणसांना बिअर पाजली असती की रे मेल्या, बाबासाहेबांच्या जयंतीला!"

जूनमध्ये ते दोघं परत गेले. जायच्या आदल्या दिवशी भानुदास कात्री, डिंक आणि कागद घेऊन गॅरेजमध्ये बसले. ग्रॅहमकडून दोन्ही क्रेट त्यांनीच परत आणायला लावले होते. फळ्यावर लिहितात तशा टपोऱ्या अक्षरात ते एकेक लेबल लिहू लागले. 'बिअर. भरल्याची तारीख.' पुढे मोकळी जागा. रिया चिकटवायला.

"आजोबा, तुम्हाला बिअर आवडत नाही ना?" तिने विचारलं. त्या दिवसापासून ती मराठी बोलू लागली होती.

"नाही आवडत, बाळ."

"मग का लिहिता?"

"आवडत नाही म्हणून नाव खोटं लिहायचं का?" ते म्हणाले.

मग त्यांची नजर माझ्यावर गेली. त्यांनी मला खिडकीतून खाली घेतलं आणि माझ्या तोंडाच्या कडेवरून बोट फिरवलं. अगदी ग्रॅहमसारखं. टवक्यापाशी बोट थांबलं. त्यांनी एक निराळं लेबल लिहून माझ्या पोटावर लावलं. 'कड उडालेली आहे. भरू नये.' आणि पीस पुन्हा खोचून मला जागेवर ठेवलं. मला वाईट वाटायला हवं होतं, नाही का? पण उलट बरं वाटलं. मी जशी आहे तसंच लिहिलं होतं त्यांनी.

आता २०१९ संपत आलंय. लेबल पिवळं पडलंय, अक्षर अजून टपोरं आहे. मित्रांनो, मोठे झाल्यावर घरी बिअर करा की जिंजर बिअर, गॅस धरणारं काहीही करा, पण माझी आठवण ठेवा. बाटली जाड आणि गोल घ्या, नाहीतर सोड्याची प्लास्टिकची. आंबणं पुरतं थांबू द्या. साखर मोजून घाला. कड उडालेलीवर माया करा, पण तिला भरू नका. देखण्या, पातळ, चौकोनी बाटलीच्या नादी लागू नका. तिचा दोष नाही, ती दुसऱ्याच कामासाठी जन्मली आहे. आणि जे भराल त्याचं नाव खरं लिहा. तुम्ही लहान आहात, तोवर एवढंच करा की लेबलावर भरवसा ठेवण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारा. मोठे चुकतात हो. मी पाहिलंय.

त्या रविवारनंतर वर्षभर मैत्रेयने डब्याला हात लावला नाही. मग पुन्हा सुरू केलं, पण आता दार सताड उघडं ठेवून. आणि दर वेळी शेवटचं बूच बसवलं की तो चिपळूणला फोन लावतो. काल भरली तेव्हाही लावला.

"बाबा, आज बिअर भरली."

पलीकडे शांतता. ती त्याला झेपत नसे, तीच. आता तो फोन धरून तिच्यात उभा राहतो.

"बाटल्या कोणत्या घेतल्यास?" अखेर आवाज येतो.

"तपकिरी, बाबा. जाड."

"कडेवरून बोट फिरवलंस?"

"प्रत्येकीच्या."

"बरं. थांब, आईला देतो. रियाला बघायचंय तिला."